तक्रारी थोरलीपाशीच

२ जून, सोमवार

पोचले एकदाची! आणि वाटेत कुणाशीही भांडले नाही. आईला सांगितलं तर ती आधी ताप आहे का विचारेल. खोली झकास आहे. खिडकी मोठी, टेबल डुगडुगत नाही, नळाला गरम पाणी. दादाची खोली शेजारच्याच इमारतीत आहे. तो गेटवर न्यायला आला होता आणि माझ्या दोन्ही बॅगा न बोलता उचलून चालू लागला. पूर्वीचा दादा असता तर 'एवढा संसार कशाला आणलास' म्हणून तिथेच खेकसला असता, मग मीही खेकसले असते, आणि वॉचमनची फुकट करमणूक झाली असती. इथे नोकरी लागल्यापासून तीन वर्षांत पार निवळलाय. इथली हवा मानवली म्हणायची.

संशोधन केंद्र टेकडीच्या पोटाशी आहे आणि काम अगदी माझ्या मनासारखं आहे. दगडातून तांबं काढायचं तर आधी तो पिठाइतका बारीक दळावा लागतो. त्याला अफाट वीज लागते, आणि त्यातली बहुतेक वीज दगड फोडण्यात जातच नाही, आवाज आणि उष्णता होऊन वाया जाते. उद्याच्या पवनचक्क्यांना, तारांना, बॅटऱ्यांना तांबं हवं. म्हणजे स्वच्छ विजेसाठी आधी धुराची वीज जाळायची! कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हाही मी सरांशी भांडले होते, जणू त्यांनीच ते ठरवलं होतं. इथे दळणाची वीज निम्म्याहून कमी केली आहे. कशी, ते त्यांनाही सांगता येत नाही. ते शोधायला मला घेतलंय. आत किती ऊर्जा गेली, बाहेर किती आली, मधली कुठे मुरली, असा ताळेबंद मांडायचा.

माझी मुलाखतच मजेशीर झाली होती. मोठ्या साहेबांनी मला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, माझ्या प्रबंधाचं पहिलं पान वाचून तो बाजूला टाकला, आणि बायकांना मशीनचा आवाज झेपतो का, असं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. नोकरी गेली समजून घरी आले, तर आठवड्यात बोलावणं! सडेतोड बोलणारी माणसं आवडत असावीत त्यांना.

५ जून, गुरुवार

आज दगड दळायची मिल नीट पाहिली. पत्र्याच्या उंच शेडमध्ये आडवं ठेवलेलं, दोन मजली घराएवढं पिंप. पोटात पोलादी गोळे आणि दगड, आणि ते सगळं दिवसरात्र गरगर फिरत असतं. तिला सगळे थोरली म्हणतात. मागच्या खोलीत चाचणीपुरती छोटी मिल आहे, ती धाकटी. थोरलीचा आवाज एवढा की कानात बोळे घालूनही दातांत जाणवतो.

इथली एक पद्धत मला फार आवडली. कुणाचं कुणाशी वाजलं, साहेबांचा राग आला, घरून वाईट फोन आला, तरी ऑफिसात त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. थोरलीपुढच्या कठड्याशी जाऊन उभं राहायचं आणि तिथे हवं तेवढ्या मोठ्याने बोलायचं. आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, त्यामुळे कुणाचं मन दुखावत नाही. कठड्यावर पिवळ्या रंगात तसं लिहिलंच आहे: तक्रारी थोरलीपाशीच. माझ्या टेबलाशेजारी बसणारी रसायनवाली (बाई स्वभावाने गरीब, आवाज तर मांजरीच्या पावलांचा) म्हणाली की इथे वर्षानुवर्षांत भांडण झालेलं नाही. आमच्या घरात ही सोय असती तर किती कपबश्या वाचल्या असत्या!

९ जून, सोमवार

कठडा वापरला. तापमापकांची पेटी मी शुक्रवारी मागितली होती. स्टोअरवाल्याने आज दिली आणि तीही भलतीच. वर म्हणतो, हेच चालवून घ्या. चालवून घ्या! मी तणतणत थोरलीपाशी गेले आणि त्याच्यापासून सुरुवात करून साहेब, मुलाखत, लहानपणी माझं बक्षीस हरवणारी शाळा, असं सगळं बाहेर काढलं. घसा बसला. पण परतताना एकदम हलकं वाटलं, आणि झोपही गाढ लागली.

आईचा फोन आला होता. बराच वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली, अगं, तू आज कुणाची तक्रार कशी केली नाहीस? आईने आयुष्यभर आमच्या तक्रारीच ऐकल्यात. बाबा होते तेव्हा ते ओरडायचे, दादा ओरडायचा, मी ओरडायची, आणि आई उठून गॅस बारीक करायची. तिचा स्वतःचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकलेला नाही.

१३ जून, शुक्रवार

ताळेबंद जुळत नाही. आठवडाभर डोकं फोडतेय. तोच दगड, तेवढाच बारीक, धाकटीत दळला तर पुस्तकात सांगितली तेवढीच वीज लागते. थोरलीत दळला की तिच्या निम्मीसुद्धा नाही. मीटर बदलून पाहिले. तारा तपासल्या. दगड आधीच भेगाळलेला असेल म्हणून तोही तपासला. काही नाही. दगड तर फुटतोय. मग तो फोडायला लागणारी बाकीची ऊर्जा येते कुठून? ती काय आकाशातून पडते?

आणि याचं इथे कुणालाही काही वाटत नाही, याचा मला जास्त संताप येतो. शास्त्रज्ञ म्हणवतात! मी रसायनवालीला विचारलं की एवढी वर्षं तुम्हाला हे खटकलं कसं नाही, तर ती मान हलवून म्हणाली, आधी खटकायचं.

ताळेबंद मांडताना यंत्राभोवती कागदावर एक चौकट आखतात. चौकट ओलांडून जे जे आत येतं आणि बाहेर जातं ते मोजायचं. मी इथले जुने कागद काढून पाहिले. सगळ्यांनी चौकट मिलला चिकटून आखली आहे. मीही तशीच आखली होती. चूक असलीच तर ती चौकटीतच असणार.

१७ जून, मंगळवार

आज जे पाहिलं त्याने झोप उडालीय. रागाने की कशाने, कळत नाही.

दादाबरोबर जेवायला गेले होते. दार मी सोडलं, जड होतं, आणि त्याचं बोट बिजागरीत सापडलं. तो थांबला. बोटाकडे बघत राहिला. ओरडला नाही, हात ओढला नाही, मला शिवी दिली नाही. मी दार उघडलं तेव्हा नख काळंनिळं झालं होतं. मी विचारलं, दुखत नाहीये का रे? तो म्हणाला, दुखतंय की.

मग मी नीट पाहिलं, इतके दिवस पाहिलंच नव्हतं. त्याच्या ताटात आंबलेलं वाढलं होतं आणि तो ते खात होता. शर्ट कुणा दुसऱ्याचा होता, कारण धोब्याने तो दिला. वहिनी माहेराहून कधी येणार विचारलं तर म्हणाला, ती कायमची गेली, असा मुका संसार नको म्हणाली. तू अडवलं नाहीस? ती म्हणाली जाते, मी म्हटलं बरं. हा माझा दादा! शाळेत मला एकाने ढकललं म्हणून त्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाची कॉलर धरणारा! आम्ही घरात कौतुकाने म्हणत होतो की पोरगा माणसाळला. माणसाळला कसला, त्याला कुणीतरी आतून पोखरून ठेवलंय.

१८ जून, बुधवार

दादाला थोरलीपाशी घेऊन गेले. मनात काही नव्हतं, फक्त भांडायचं होतं आणि भांडायची तीच जागा. मी त्याला गदागदा हलवलं. वहिनीला आणायला जात का नाहीस, आंबलेलं खातोस कसा, माणूस आहेस की गोणपाट, असं वाटेल ते बोलले. तो माझ्याकडे सौम्यपणे बघत होता. त्याच्या खांद्यामागे भिंतीवर विजेचा आकडा दाखवणारा लाल दिव्यांचा फलक आहे.

आकडा उतरत होता.

मी ओरडले की उतरायचा. श्वास घ्यायला थांबले की चढायचा. मी मुद्दाम थांबले. चढला. मुद्दाम बाबांच्या शेवटच्या आजारातल्या त्या निगरगट्ट डॉक्टरची आठवण काढली आणि ओरडले. झपकन खाली आला, आणि पिंपाच्या पोटातला खडखडाट एकदम मऊ झाला, तोंडात चांगला घास आल्यासारखा.

चौकट चुकली होती. सगळ्यांनी ती मिलभोवती आखली आणि कठड्याशी उभा असलेला माणूस बाहेर ठेवला.

आता तो डॉक्टर आठवून पाहतेय. चेहरा आठवतो, तो काय बोलला तेही आठवतं. पण इतकी वर्षं त्याच्या नावाने उठणारी तिडीक उठत नाही. तिथे नुसतं सपाट आहे.

१९ जून, गुरुवार

रसायनवालीला सगळं माहीत होतं! मी विचारलं आणि तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. इथे माणसं निवडून घेतात. मुलाखतीत अपमान करतात आणि जो उसळतो त्याला ठेवतात. तीही म्हणे एकेकाळी नवऱ्याला घराबाहेर काढून आली होती, इतकी तिखट होती. एखादा संपत आला की साहेब त्याला विचारतात, तुमच्या घरात तुमच्यासारखं अजून कोण आहे? दादाला विचारलं. दादाने माझं नाव सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं.

साहेबांच्या केबिनमध्ये दार लाथेने उघडून गेले. त्या माणसाने माझ्यासाठी चहा मागवला. म्हणाले, शोधलंत तुम्ही, मला वाटलंच होतं. म्हणाले, राग ही जगातली सगळ्यात वाया जाणारी ऊर्जा आहे. माणसं ती बायकोपोरांवर काढतात, रस्त्यावर काढतात. आम्ही ती कामाला लावतो. धूर नाही, राख नाही. शिवाय माणसं शांत होतात, घरं शांत होतात, यात वाईट काय ते सांगा. मी म्हटलं, माझ्या भावाचं बोट दारात चेंगरतं आणि त्याला हात ओढावासा वाटत नाही, हे वाईट! अन्याय झाला तर अन्याय म्हणायला आत काहीतरी पेटावं लागतं, ते तुम्ही चोरताय! ते मन लावून ऐकत होते. मग अगदी अदबीने म्हणाले, हे सगळं इथे नका वाया घालवू, कठड्याशी चला ना.

नालायक. नालायक. नालायक माणूस. हे कागदावरच लिहीन. त्या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही.

२१ जून, शनिवार

दादाला न्यायचं ठरवलं. भरदुपारी बॅग भरली, त्याला चल म्हटलं, तो चालू लागला. गेटपर्यंत आलो. वॉचमन म्हणाला, साहेबांनी तुमच्या भावाला बोलावलंय. दादा वळला आणि परत गेला. मी हात धरला तर थांबला. सोडला तर गेला. जो शेवटी बोलेल त्याचं ऐकतो. मी त्याला ओढत होते, वॉचमन हसत होता, आणि माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

मी शेडमध्ये गेले. जायचं नव्हतं. पण थोरली बंद केल्याशिवाय दादा सुटणार नाही, एवढंच दिसत होतं. भिंतीवरचं लाल बटण दाबलं. मेन स्विच खाली ओढला. वीज गेली, दिवे गेले, मोटारीचा आवाज थांबला.

थोरली फिरत राहिली.

अंधारात ती फिरतेय आणि मी तिला शिव्या देतेय, पाना घेऊन तिच्या अंगावर घाव घालतेय, आणि प्रत्येक घावाला ती जास्त हलकी फिरतेय — मला कळत होतं. कळत होतं तरी थांबता येईना. राग असा थांबवता येतो का कुणाला? माझ्याच रागावर चालत होती. शेवटी मी खाली बसले, तेव्हा ती मंद झाली.

साहेब दारात उभे होते. टाळ्या वाजवत नव्हते, पण चेहरा तसाच होता.

२३ जून, सोमवार

आज न्याहारीला कोमट, कडवट काहीतरी होतं. संपवल्यावर लक्षात आलं, आंबलेलं होतं.

मी रोज एक काम करते. राग येण्यासारख्या गोष्टी एकामागून एक मनात म्हणते. साहेब. वॉचमन. दादाचं बोट. काल दादाच्या बोटाच्या आठवणीला थोडी धग होती. आज —

मी इथून एकटी जाऊ शकते. दार उघडं आहे. पण दादाला सोडून कशी — आणि खरं सांगायचं तर जावंसं तितकं वाटतही नाही. हे वाक्य लिहिताना मला भीती वाटली. भीती आहे अजून. बरं झालं.

२५ जून, बुधवार

आईचा फोन. शेजारच्यांनी आमच्या भिंतीला लागून गटार काढलं, तिला न विचारता. मी म्हटलं, बरं.

तिने गटाराचं बोलणं तिथेच सोडलं. मग ती म्हणाली, तूसुद्धा?

म्हणाली, तीन वर्षं दादाच्या तोंडून हे 'बरं' ऐकतेय, मला वाटलं पोरगा सुखी आहे. म्हणाली, मी येते, दोघांना घेऊन जाते. तिचा आवाज वेगळाच होता. घट्ट. मला तिला नको म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता — येऊ नकोस, इथे येऊन रागावू नकोस — पण जोर लागतो त्याला. तो —

२६ जून

साहेबांनी विचारलं, घरात अजून कोण आहे? मी म्हटलं, आई. तिचा स्वभाव कसा? कधीच रागावली नाही, मी सांगितलं. सगळं गिळत आली. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग स्टेशनवर गाडी पाठवायला सांगितली.

विचारलं म्हणून सांगितलं. दादाने असंच —

२७ जून

आईला फोन लावायचा. सकाळी ठरवलं. दुपारी पण ठरवलं.

फोन समोर आहे —

२८ जून, शनिवार

आकडे टिपायला मला फलकाखाली बसवलंय. वही हातात आहे म्हणून इथेच लिहिते.

आई आली. आधी दादाला पाहिलं. त्याचं बोट हातात घेतलं. नख गळून पडलंय. मग मला पाहिलं. मला हाक मारली, मी ओ दिली, पण तिला हवी होती तशी नसावी. साहेब मऊ आवाजात म्हणाले, ताई, काय असेल ते कठड्याशी बोला. ती गेली.

आधी नुसती उभी होती. तिला ओरडता येत नाही, सवय नाही. मग सुरू झाली. माझ्या पोरांना काय केलंत, म्हणाली. मग बाबांना बोलली. लग्नानंतर तिचं शिक्षण सोडायला लावलं ते. चुलीपाशी घालवलेली वर्षं. ताट भिरकावलेलं. मग दादाला, मग मला. आम्ही ओरडायचो आणि ती गॅस बारीक करायची ते. सगळं आहे तिच्याजवळ. एकही विसरलेली नाही. केवढा आवाज आहे आईचा! मिलच्या वरून ऐकू येतोय.

आकडा शून्यावर आला. मग खाली गेला. उणे. फलकावर असं कधी झालं नव्हतं. मिल वीज घेत नाहीये, देतेय. शेडमधले दिवे प्रखर झाले. साहेब रडतायत आनंदाने. म्हणतात, अख्खं शहर उजळेल.

आई कठडा धरून आहे. सगळा भार त्याच्यावर टाकलाय. आवाज बारीक होतोय. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणाली. उठ म्हणाली बहुतेक.

तिला तिथून ओढायला हवं. चार पावलांवर आहे. दादा पण उभा आहे, तो बघतोय. कुणीतरी उठायला हवं. मी उठते. आकडा अजून उतरतोय, तो स्थिर झाला की लिहिते आणि उठते, एवढा आकडा झाला की लगेच —